कॉमिकचं मूळ पान कसं ओळखायचं आणि त्याची किंमत कशी बांधायची

सोलापुरात कापडाच्या कुठल्याही जुन्या पेढीवर टेबलाचा खण उघडला, तर घडीचं एक छोटं भिंग हमखास सापडतं: पिकग्लास. चादरीत, टॉवेलात इंचाला किती धागे बसलेत ते मोजायला व्यापारी ते वापरतात. कॉमिकची हाताने काढलेली मूळ पानं जमवायचा नाद ज्यांना लागलाय, त्यांनी पहिलं पान घेण्याआधी हे भिंग घ्यावं. पान खरं की छापील, याचा निम्मा निकाल ते लावतं. उरलेला निम्मा लावायला पट्टी, टॉर्च आणि त्या अंकाची छापील प्रत लागते. विकणाऱ्याचं बोलणं ऐकून घ्यावं, पण पुराव्यात धरू नये.

मूळ पान म्हणजे चित्रकाराने पेन्सिल, पेन आणि ब्रशने कागदावर काढलेलं, ज्यावरून पुढे छपाई झाली ते पान. जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीसाठी आधी ग्राफच्या कागदावर नक्षी काढतात आणि त्या एका कागदावरून हजारो चादरी निघतात, तसा हा प्रकार आहे. जुने अंक जमवण्याचा छंद वेगळा, त्याचे भावही वेगळे. इथे बोलायचंय ते फक्त पानाबद्दल.

समोर ठेवलंय ते नेमकं काय, हे आधी ठरवा

"ओरिजिनल हाय ओ साहेब, बघा की" एवढ्या एका वाक्याखाली पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. सगळ्या खोट्या नसतात, पण त्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

सगळ्यात वर येतं ते छापलं गेलेलं शाईचं पान आणि मुखपृष्ठाचं मूळ रंगीत चित्र. त्याखाली कमिशन, म्हणजे चाहत्याने पैसे देऊन चित्रकाराकडून खास काढून घेतलेलं चित्र. ते खरं असतं, पण कुठे छापलेलं नसतं. चित्रकाराने स्वतःचंच जुनं मुखपृष्ठ पुन्हा काढून दिलं असेल तर तेही याच खान्यात. मग रंगाचा नमुना: काळ्या रेषांच्या छापील प्रतीवर कोणी तरी हाताने रंग भरलेले असतात, छापखान्याला कुठे कोणता रंग द्यायचा ते कळावं म्हणून. यातला रंग हाताचा असतो, रेषा मात्र छापील. त्याखाली ब्रोमाइड, म्हणजे चित्राचा फोटो काढून कागदावर चिकटवलेली, छपाईसाठी तयार केलेली पानं. आणि तळाला चित्रकाराची सही असलेली प्रिंट. सही खरी असली तरी चित्र छापीलच.

नव्या कॉमिक्समध्ये आणखी एक गुंता आहे. पेन्सिलचं पान एकाने काढलेलं, ते स्कॅन करून फिक्या निळ्या रेषांत छापलेलं आणि त्यावर दुसऱ्याने शाई फिरवलेली. म्हणजे एकाच छापील पानाची दोन मूळ पानं, एक पेन्सिलचं आणि एक शाईचं. दोन्ही खरी. घेताना कुठलं घेतोय ते कळलं पाहिजे, आणि दुसरं कुणाकडे आहे हेही विचारावं. बरेच चित्रकार आता थेट टॅब्लेटवर काढतात. त्यांच्या अशा अंकांचं मूळ पान नसतंच. कोणी दाखवलं तर नमस्कार करून उठावं.

त्या मालिकेची चित्रं काढली कुठे गेली?

या पायरीला भिंगही लागत नाही आणि सगळ्यात मोठी फसगत इथेच टळते. इंद्रजाल कॉमिक्सचं उदाहरण घ्या. १९६४ ते १९९० अशी ही मालिका चालली आणि मराठीतून वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, घरोघरी पोचला. पण वेताळ मुळात ली फॉक यांचा, १९३६ चा. आतली चित्रं विल्सन मॅकॉय, साय बॅरी यांनी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्यांसाठी काढलेली. आपल्याकडे त्या पट्ट्यांच्या चौकटी मागेपुढे करून अंकाच्या आकारात बसवल्या जात. त्यामुळे मुंबईच्या छापखान्यातून निघालेलं वेताळाचं आतलं "मूळ पान" कोणी दाखवलं, तर ते फार तर चिकटवलेलं ब्रोमाइड असेल. खरी पट्टी आडवी असते, तीन-चार चौकटींची, आणि तिचा उगम अमेरिकेत सापडायला हवा.

त्याच इंद्रजालची अनेक मुखपृष्ठं मात्र गोविंद ब्रह्मानिया यांनी इथे रंगवली. बहादूर हा नायकही इथलाच, १९७६ चा. लेखन आबिद सुरती यांचं, चित्रं ब्रह्मानियांची. म्हणजे बहादूरचं आतलं पान भारतात निघू शकतं, वेताळाचं नाही. एकाच प्रकाशनाच्या दोन पानांत एवढा फरक पडतो.

अमर चित्र कथा अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केली आणि तिची चित्रं काढणाऱ्यांत आपली माणसं भरपूर: राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. मुळीकांनी पुढे राज कॉमिक्ससाठी नागराजही काढला. टिंकल हे मुलांचं नियतकालिक १९८० चं. त्यातला सुप्पंदी वाईरकरांच्या हातचा, शिकारी शंभू वसंत हळबे यांच्या हातचा. ही पात्रं नंतर दुसऱ्या चित्रकारांनीही काढली, त्यामुळे "सुप्पंदीचं पान" एवढं कळून भागत नाही, कुठल्या वर्षाचं ते विचारावं लागतं.

हे अंक एकाच वेळी अनेक भाषांत निघत. चित्र तेच, अक्षरं वेगळी. म्हणून जुन्या भारतीय पानावर संवादाचे फुगे रिकामे असले, किंवा त्यात इंग्रजी मजकुराचे कागद चिकटवलेले असले, तर बिचकू नका. मराठी अक्षरं थेट शाईने लिहिलेली दिसली तर उलट जरा जास्त चौकशी करा.

भिंग, तिरका उजेड, पट्टी

पान टेबलावर सपाट ठेवा आणि पिकग्लास आधी रंगाच्या भागावर ठेवा. छापील रंग म्हणजे निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची जाळी. इंकजेट प्रिंट असेल तर ठिपके बारीक आणि विस्कटलेले, फवारा मारल्यासारखे. ब्रशच्या रंगात ठिपका नसतो. रंग कडेला साचतो, मध्ये पातळ होतो.

नुसत्या काळ्या रेषेच्या पानावर मात्र ही परीक्षा अपुरी पडते आणि नवखे इथेच गाफील राहतात. ऑफसेटवर छापलेल्या सरळ काळ्या रेषेतही ठिपके नसतात. तिथे शाई बघायची. टॉर्च पानाच्या कडेला जवळजवळ आडवी धरा. हाताची शाई एकसारखी नसते: ब्रश दोनदा फिरला तिथे गडद, एकदा फिरला तिथे करडी झाक, मोठ्या काळ्या भागात ब्रशचे पट्टे उघड दिसतात. निबने कागद किंचित खरवडलेला असतो. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटची काळी पावडर कागदावर चढून बसते, चमकते आणि रेषेच्या आजूबाजूला धुळीसारखे कण टाकते. ब्रोमाइडचा कागद फोटोसारखा गुळगुळीत, वाकलेला, कडांना पिवळट.

मग शाईखालची पेन्सिल शोधा. खोडलेली असली तरी कुठेतरी राहतेच: चेहऱ्याच्या मध्यरेषेत, हाताच्या बोटांत, चौकटीच्या कोपऱ्यात. चुकलेल्या जागी पांढरा रंग फासलेला असतो, तिरक्या उजेडात त्याचा उंचवटा दिसतो. निळ्या पेन्सिलच्या खुणा, समासात छापखान्यासाठी लिहिलेलं "इतके टक्के लहान करा", कापायच्या खुणा, गोंदाचे तपकिरी डाग, हे सगळं पानाच्या बाजूने जातं. फार स्वच्छ पान बघितलं की मला उलट शंका येते. रोज पानं उरकणारा माणूस एवढा नीटनेटका काम करत नाही.

पट्टी कशाला? मूळ पान बहुधा छापील पानापेक्षा मोठं काढलेलं असतं. अमेरिकन कॉमिक्समध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत पानं जवळपास दुप्पट आकारात काढत. त्यानंतर साधारण ११ बाय १७ इंचांचा कागद आणि त्यात १० बाय १५ इंचांचं चित्र असं ठरून गेलं. म्हणजे १९६२ चं म्हणून दाखवलेलं पान ११ बाय १७ चं निघालं तर कान टवकारा. भारतीय प्रकाशनांत एकच माप धरून चालता येत नाही, पण प्रमाण धरता येतं. छापील चौकट १६ बाय २२ सेंटिमीटरची असेल तर दीडपट पान २४ बाय ३३ चं हवं. उंची जुळते आणि रुंदी जुळत नाही, असं होता कामा नये. आणि पान छापील अंकाएवढंच, मिलिमीटरला मिलिमीटर जुळणारं असेल, तर ते अंक खाली ठेवून गिरवलेलं असण्याची शक्यता मोठी.

अतिनील टॉर्च शे-दोनशे रुपयांत मिळते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालायची रसायनं १९५० च्या आसपास आली. असा कागद अतिनील उजेडात निळसर चमकतो. त्यामुळे १९४० च्या दशकातलं म्हणून दाखवलेलं चित्र झगझगलं तर प्रश्न मिटला. सत्तरीतल्या पानाबद्दल ही टॉर्च फारसं काही सांगत नाही. एक मात्र कधीच करू नका: ओलं बोट किंवा कापूस फिरवून शाई निघते का बघणं.

पान उलटून बघायला कोणी नाही म्हणत असेल, फ्रेममधून काढू देत नसेल, तर पुढची बोलणी थांबवा. मागे शाई पाझरलेली असते, प्रकाशनाचा शिक्का, पान क्रमांक, अंकाचं नाव, कधी चित्रकाराने सहज काढून बघितलेलं नाक किंवा हात. अमेरिकन पानांवर कॉमिक्स कोडचा, म्हणजे मजकूर तपासून मंजूर केल्याचा, शिक्काही असू शकतो. शिक्क्यावर एकट्यावर विसंबू नका, शिक्के करून मिळतात.

छापील अंकाशी ताडून बघा

ही माझ्या मते सगळ्यात पक्की परीक्षा, आणि आळसापोटी लोक हीच टाळतात. तो अंक मिळवा. रद्दीवाल्याकडे सांगून ठेवा, ओळखीच्या संग्राहकाकडून स्कॅन मागवा, पण पान आणि अंक शेजारी ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका.

तीन गोष्टी बघा. छापताना चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात, त्यामुळे मूळ पानावर कडेला अंकापेक्षा जास्त चित्र असायला हवं. लहान करताना बारीक रेघोट्या एकमेकींत मिसळतात. मूळ पानात त्या सुट्या दिसायला हव्यात. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: अंकात छपाईमुळे एखादी रेष तुटली असेल, डोळा भरून काळा झाला असेल, तर तो दोष मूळ पानावर नसतो. असेल, तर पान अंकावरून काढलंय. गिरवणारा माणूस छपाईचे दोषसुद्धा इमानाने उतरवतो. त्याची रेषही ओळखू येते, जाडी सगळीकडे सारखी, सावकाश ओढलेली, कुठे झटका नाही.

पान इथवर आलं कसं

अमेरिकेत बराच काळ पानं प्रकाशकच ठेवून घेत. चित्रकारांना ती परत देण्याची पद्धत सत्तरीच्या दशकात रुजली. जॅक कर्बींसारख्या दिग्गज चित्रकाराला मार्व्हल या प्रकाशनाकडून स्वतःची सुमारे २,००० पानं मिळायला १९८७ उजाडलं, आणि काढलेली होती त्याच्या कितीतरी पट. बाकीची गेली कुठे, हा प्रश्न त्या काळातल्या पानांना अजून चिकटून आहे. आपल्याकडे "गोदाम रिकामं करताना मिळालं" असं सांगणारे भेटतात. असेलही. मग कुणी दिलं, कधी दिलं, कागद आहे का, एवढं विचारावं.

सगळ्यात चांगली वाट म्हणजे चित्रकार किंवा त्यांचं कुटुंब. आपल्याकडचे बरेच चित्रकार पुण्या-मुंबईचे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने सोलापुरातून पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं. आधी फोन करा. पैशांचं बोलणं पहिल्याच भेटीत काढू नका, त्यांचा अंक सोबत न्या आणि पान हातात घ्यायच्या आधी विचारा. पान मिळालं तर वेगळ्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या: हे पान मी अमुक अंकासाठी काढलं, आज अमुक यांना दिलं, सही, तारीख. पुढे विकताना हा कागद फार कामाला येतो. पानाच्या दर्शनी भागावर "सप्रेम भेट" आणि तुमचं नाव मात्र लिहून घेऊ नका, ते पुढच्या गिऱ्हाइकाला नको असतं.

किंमत बांधणं

पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांच्या चित्राला नुसतं नाव पुरतं. कॉमिकच्या पानाला नाव, पात्र आणि प्रसंग असे तीन हिशेब लागतात, आणि बऱ्याचदा पात्र नावावर मात करतं. २०१४ साली अमेरिकेत हल्क मालिकेतल्या १९७४ च्या एका अंकाचं शेवटचं पान ६,५७,२५० डॉलरला गेलं. त्याच्या अखेरच्या चौकटीत वुल्व्हरिन पहिल्यांदा दिसतो, सगळी किंमत त्या एका चौकटीची. २०२२ च्या जानेवारीत स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचं १९८४ मधलं एक पान ३३ लाख ६० हजार डॉलरला विकलं गेलं. चित्रकार माइक झेक. हे आकडे ऐकून घरातल्या पानाची किंमत ठरवणारे खूप आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

एका अंकातली उतरंड साधारण अशी लागते: मुखपृष्ठ, मग पूर्ण पानाचं एकच चित्र, मग नायक ठळक दिसणारं हाणामारीचं पान, मग नायक असलेलं साधं पान, आणि शेवटी दोन माणसं खोलीत बोलत बसलेली पानं. पात्राचं पहिलं दर्शन असेल तर ही उतरंड मोडते. चित्रकाराचा उमेदीचा काळ, शाई कुणाची, सही, पान कापलेलं आहे का, चिकटवलेले फुगे गळून पडलेत का, हे त्यानंतर.

आता तुलना. मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे, विकलं गेलेलं पान म्हणजे किंमत. हेरिटेज या लिलाव कंपनीच्या जुन्या विक्रीचे आकडे नोंदणी केली की बघता येतात. ईबेवर फक्त "विकलेलं" हा पर्याय निवडा. भारतीय पानांचे व्यवहार बहुतेक हातोहात होतात, त्यामुळे संग्राहकांशी ओळख ठेवणं, कॉमिक कॉन या कॉमिकप्रेमींच्या मेळाव्याला जाऊन चित्रकारांचे कमिशनचे दर विचारणं, हाच अभ्यास. भेटेल तो आकडा तारखेसह वहीत लिहा.

हिशेबाचा एक कल्पित नमुना देतो. समजा, एका चित्रकाराची एकाच मालिकेतली तीन पानं गेल्या दोन वर्षांत १२,०००, १५,००० आणि ४०,००० रुपयांना गेली. चाळीसचं पान नायकाच्या मोठ्या चित्राचं होतं. तुमच्यासमोरच्या पानात सहा चौकटी, त्यातल्या एकीत नायक पाठमोरा, उजवी कड कापलेली. विकणारा चाळीसचं उदाहरण देणार, हे धरूनच चाला. ते पान तुलनेतून काढून टाका. उरले १२ आणि १५. नायक जेमतेम, म्हणून खालचा आकडा धरा. कापलेल्या कडेचे हजार-दीड हजार वजा करा. माझी मर्यादा ११,००० ची झाली. ती घरी असतानाच लिहायची, समोर पान बघताना नाही. आपला बाजार छोटा आहे. एखाद्या पानाला गावात, जिल्ह्यात तुमच्याशिवाय गिऱ्हाईक नसतं, आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

परदेशी लिलावात हातोडा पडलेला आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. समजा, बोली २०० डॉलर आणि कंपनीचं कमिशन २० टक्के, तर झाले २४०. त्यावर पोस्टेज, बँकेचे शुल्क, सीमाशुल्क आणि आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. बोली लावण्याआधी ही बेरीज उलटी करा: हातात पडेपर्यंत किती परवडतं तिथून मागे येत बोलीचा आकडा काढा.

पावतीवर चित्रकार, मालिका, अंक, पान क्रमांक, माप, साधन आणि "छापलेलं मूळ पान" हे शब्द असावेत, आणि खोटं निघालं तर पैसे परत, ही अटही. नुसतं "जुनं चित्र, एक नग" अशी पावती कामाची नाही. पानाचे दोन्ही बाजूंचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

सोलापूरच्या उन्हात

आपला उन्हाळा चाळिशी पार करतो, आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट दुपारी किती तापतं ते हात लावून बघा. पानं आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर, आडवी ठेवा. आम्लरहित पुठ्ठा आणि पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट वापरा, पीव्हीसीची फाइल नको. लॅमिनेशन केलंत तर पान संपलं. सेलोटेपचंही तेच. वाळवी आणि कसर यांच्यासाठी वेखंडाची पुरचुंडी कपाटात चालते, पानाला लागून नको. फ्रेम करायची तर अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक लावा आणि मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाला, म्हणजे शाई काचेला चिकटत नाही.

विकायची वेळ आली तर

पान तुमचं झालं तरी चित्राचा कॉपीराइट तुमचा होत नाही. त्यावरून पोस्टर, टी-शर्ट छापता येत नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३ अ नुसार चित्राची मूळ प्रत पुन्हा विकताना किंमत १०,००० रुपयांवर गेली, तर कॉपीराइटचा पहिला मालक असलेल्या चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. हा वाटा १० टक्क्यांच्या वर जात नाही. नोकरीत असताना काढलेल्या पानांचा पहिला मालक बहुधा प्रकाशक असतो, तिथे हा प्रश्न येत नाही. प्राप्तिकरातही घरातली चित्रं आणि रेखाटनं "वैयक्तिक वापराच्या वस्तू"त मोडत नाहीत, म्हणून विकून झालेला नफा भांडवली नफ्यात धरला जातो. तो काढताना खरेदीची किंमत दाखवावी लागते, आणि त्यासाठी सीएला वर सांगितलेली पावती हवी असते.